आईची जागल किती दिवस पुरते?

(जिल्हा मेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेलं भाषण. ज्या गावांतली मंडळी येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. गावच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



या व्यासपीठावरून आपण नेहमी कापसाच्या भावाचं बोलतो, ज्वारीचं बोलतो, विजेचं आणि कर्जाचं बोलतो. आज आम्ही गोठ्यातलं बोलणार आहोत. काहीजण म्हणतील, हे काय मेळाव्यात बोलायचं? त्यांना आमचा एकच सवाल आहे. पावसानं दगा दिला, बोंडं काळी पडली, ज्वारीला दाणा भरला नाही, त्या वर्षी पोरीच्या शाळेची फी कशातून दिली? दवाखान्याचं बिल कशातून भागवलं? दहांतल्या सातांचं उत्तर एकच येईल, शेळी विकली, नाहीतर गोऱ्हा विकला. कोरडवाहू माणसाची बँक दावणीला बांधलेली असते. त्या बँकेत नवी ठेव पडते ती वासराच्या आणि करडाच्या रूपानं. आणि ती ठेव पहिल्या चार महिन्यांतच बुडते, आपल्या डोळ्यांदेखत. का बुडते, आणि त्यातली किती आपल्या हातानं बुडते, ते आज समजून घ्यायचं आहे.

आधी आमची चूक सांगतो

दुसऱ्याच्या चुका सांगण्याआधी आपली सांगावी, हा नियम आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात आम्ही शेळ्यांच्या लसीकरणाचं शिबिर भरवलं. शेळ्यांच्या बुळकांडीची, म्हणजे पीपीआरची लस होती. हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा १९८७ साली तमिळनाडूत ओळखला गेला आणि नंतर सगळीकडे पसरला. नाकातून शेंबूड, तोंडात फोड, ताप, हगवण, आणि चार-आठ दिवसांत जनावर आडवं. लस मात्र चांगली आहे, एकदा नीट लागू पडली की तीन वर्षं बघायला नको.

शिबिरात दोनशेच्या वर शेळ्या आल्या. बाया कडेवर महिन्याची, दीड महिन्याची करडं घेऊन आल्या. पशुवैद्यक डॉक्टर म्हणाले, "लहान करडं सोडा, ती चार महिन्यांची झाली की टोचू." आम्हाला वाटलं, सरकारी माणूस आहे, काम टाळतो आहे. आम्ही आवाज चढवला. आमच्याकडे कृषीची पदवी होती, मागे गाव होतं, आणि शिबिर शंभर टक्के झालं असं सांगण्याची हौस होती. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, मग कंटाळून टोचलं. आम्ही वहीत लिहिलं : एकही जनावर सुटलं नाही.

हिवाळ्यात कुणीतरी बाजारातून दोन शेळ्या आणल्या आणि त्यांच्याबरोबर रोग आला. मोठ्या शेळ्या तगल्या. तोवर पाच-सहा महिन्यांची झालेली तीच करडं, जी आम्ही भांडून टोचून घेतली होती, एकामागून एक गेली. एक म्हातारी आम्हाला म्हणाली, "भाऊ, मोठ्या राह्यल्या अन् टोचलेली लेकरंच गेली, हे कसं काय?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. गावानं उत्तर काढलं, लस खोटी होती. पुढची दोन वर्षं त्या गावात कुणी सुई लावू दिली नाही.

लस खोटी नव्हती. डॉक्टरही खोटे नव्हते. आम्ही अडाणी होतो. त्या करडांच्या अंगात त्या दिवशी त्यांच्या आईनं दिलेलं संरक्षण शिल्लक होतं, आणि त्या संरक्षणानंच आमची लस मारून टाकली होती. हे कसं होतं, ते त्या म्हातारीला तेव्हा सांगता आलं नाही. म्हणून आज तुम्हाला सांगतो.

एरंड, गुंज आणि उंदीर

एरंड आणि गुंज कुणाला माहीत नाही? एरंड बांधावर असतो, गुंजेनं सोनार सोनं तोलायचे. दोन्हींच्या बियांत जहाल विष असतं. एरंडीतल्या विषाला रायसिन म्हणतात, गुंजेतल्याला अ‍ॅब्रिन. जर्मनीत पाऊल एर्लिश नावाचा शास्त्रज्ञ होता. त्यानं उंदरांना ही विषं आधी अगदी कणभर, मग थोडी जास्त, अशी चढत्या मात्रेनं दिली. हळूहळू ते उंदीर असे तयार झाले की साध्या उंदराला ठार करणारी मात्राही ते पचवू लागले.

मग त्यानं खरा प्रश्न विचारला : हे बळ पिल्लांना मिळतं का? १८९२ साली त्यानं उत्तर छापलं. बाप तयार झालेला आणि आई साधी असेल, तर पिल्लांना काहीच मिळत नाही. आई तयार झालेली असेल, तर पिल्लं वाचतात. पुढे त्यानं आणखी एक युक्ती केली. साध्या आईची पिल्लं तयार झालेल्या उंदरीच्या अंगावर पाजायला लावली, आणि ती पिल्लंही वाचली. म्हणजे हे बळ रक्ताच्या वारशानं येत नव्हतं. आईच्या अंगात तयार झालेली वस्तू पोटातून आणि दुधातून पिल्लाला पोचत होती. तिसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. हे मिळालेलं बळ टिकत नव्हतं. काही आठवड्यांत ओसरून जायचं, आणि नातवंडांपर्यंत तर पोचतच नव्हतं. याच माणसाला पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

ती वस्तू म्हणजे प्रतिपिंडं. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. प्रत्येक रोगजंतूला ओळखून धरणारी रक्तातली द्रव्यं. शेतात आपण जागल करतो ना, तशी ही अंगातली जागल. जनावराला रोग होऊन गेला किंवा लस टोचली, की त्याच्या अंगातल्या पेशी त्या जंतूची ओळख पटवून घेतात आणि त्याच्यापुरते जागले तयार करतात. पेशी जिवंत आहेत, त्यांना ती ओळख लक्षात राहते, लागले तर त्या पुन्हा नवे जागले काढतात. पण आईकडून पिल्लाला येतात ते फक्त जागले. ते काढणाऱ्या पेशी आईच्याच अंगात राहतात. म्हणून पिल्लाच्या अंगातले जागले रोजंदारीचे. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांची संख्या साधारण निम्मी होते, आणि नवे येत नाहीत.

बाईचं बाळ आणि गाईचं वासरू

इथे एक मोठा फरक लक्षात ठेवा. बाईच्या पोटातल्या बाळाला हे जागले जन्माआधीच मिळतात. वारेतून आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात जातात, आणि त्यातला मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत जातो. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात आईइतके, कधी आईपेक्षाही जास्त जागले असतात.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचं तसं नाही. त्यांच्या वारेचे पडदे अशा रचनेचे आहेत की प्रतिपिंडं त्यातून पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईचे जागले जवळजवळ नसतातच. उघड्या शेतात उभं पीक, कुंपण नाही, राखणदार नाही, आणि भोवती गोठ्यातलं शेण, मूत, माश्या. निसर्गानं याची सोय दुसरीकडे केली आहे. व्यायच्या काही आठवडे आधीपासून गाय आपल्या रक्तातले जागले कासेत जमा करायला लागते. तोच आपला चीक. पहिल्या धारेचा चीक घट्ट आणि पिवळसर असतो. तो जागल्यांनी भरलेला असतो.

१९२२ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या दोघांनी साधा प्रयोग केला. काही वासरांना चीक पाजला, काहींना फक्त दूध. चीक प्यालेली जगली. चीक न मिळालेल्यांतली बहुतेक काही दिवसांतच रक्तात जंतू पसरून मेली. तेव्हापासून शंभर वर्षं झाली, शास्त्राला यात शंका उरलेली नाही. शंका आहे ती आपल्या गोठ्यात.

वार पडेपर्यंत थांबायचं?

आपल्याकडे जुनी समजूत आहे की वार पडल्याशिवाय वासराला सडाला लावायचं नाही. वार पडायला किती वेळ लागतो? सुखरूप व्यालेल्या गाईलाही आठ-बारा तास लागू शकतात. आता वासराचं घड्याळ बघा. जन्मल्यावर त्याच्या आतड्याची दारं उघडी असतात, प्रतिपिंडं जशीच्या तशी आतड्यातून रक्तात उतरतात. ही दारं सहा तासांनंतर ओढून घेतली जाऊ लागतात, आणि चोवीस तासांत बंद होतात. एकदा बंद झाली की बादलीभर चीक पाजा, पोट भरेल, आतड्याला थोडं रक्षण मिळेल, पण रक्तात जागला उतरणार नाही. म्हणजे आपण वारेची वाट बघत बसतो आणि तिकडे दारं बंद होत जातात.

गंमत अशी की वासरू सडाला लागलं तर वार पडायला मदतच होते. वासरू चोखू लागलं की गाईच्या अंगात पान्हा फोडणारं द्रव्य सुटतं, आणि तेच द्रव्य गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावतं. म्हणजे आपली समजूत दोन्ही बाजूंनी उलटी आहे. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा, पण वासराला उपाशी ठेवू नका.

दुसरी गोष्ट बोलायला थोडी अवघड आहे, कारण आम्हालाही खरवस आवडतो. गाय व्याली की शेजारीपाजारी चीक वाटायचा, पाहुण्यांना पाठवायचा, आणि हल्ली तालुक्याच्या गावी चिकाला भावही मिळतो. पण हिशेब करा. वीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे दोन लिटर चीक लागतो. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला बारा तासांच्या आत. दोन किलोच्या करडाला दिवसाला दोनशे मिलिलिटर, पहिला घोट तासाभरात. आणि पहिल्या धारेतले जागले दुसऱ्या धारेत निम्म्यावर येतात. म्हणजे जो चीक आपण मानानं पहिल्यांदा काढून घेतो, तोच वासराच्या सगळ्यांत कामाचा. खरवस दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही होतो. उकडलेल्या खरवसात एकही जागला जिवंत राहत नाही, आपल्या पोटात तो फक्त गोड लागतो. वासराच्या पोटात तो त्याचा जीव असतो. शेजाऱ्याचा मान राखू, पण वासराचं पोट भरल्यावर.

आईकडे जे आहे तेच ती देणार

आणखी एक बाजू बघा. गाय चिकातून तेच जागले देते जे तिच्या अंगात आहेत. तिला ज्या रोगाची ओळख नाही, त्याचा जागला ती कुठून देणार? म्हणून बाजारातून व्यायला टेकलेली गाय आणली, की तिच्या चिकात जुन्या गावच्या जंतूंचे जागले असतात, आपल्या गोठ्यातल्या जंतूंचे कमी. आणायचीच असेल तर व्यायच्या महिना-दीड महिना आधी आणा. गाभण गाईला शेवटचे दोन महिने आटवा. शेवटपर्यंत पिळत राहिलात तर चीक साठायला जागा आणि वेळ मिळत नाही. त्या काळात कडब्याबरोबर मूठभर सरकीची ढेप, तुरीचं कुटार, खनिज मिश्रण तिच्या वाट्याला येऊ द्या. भाकड आहे म्हणून तिला उपाशी मारू नका. ती भाकड नाही, ती वासराची शिदोरी बांधते आहे.

शेळ्यांच्या आंत्रविषाराची लस व्यायच्या महिनाभर आधी शेळीला दिली, तर करडाला चिकातून त्याचं संरक्षण मिळतं. पण कोणती लस गाभण जनावराला चालते आणि कोणती नाही, हे डॉक्टरांना विचारूनच. आम्ही शेतीचं शिकलो, जनावराचं नाही. ती चूक एकदा केली, पुन्हा करणार नाही.

मग लस का वाया गेली?

आता त्या म्हातारीच्या प्रश्नाकडे येऊ. लस म्हणजे काय? शेळ्यांच्या बुळकांडीच्या लशीत रोगाचाच विषाणू असतो, पण दुबळा केलेला. तो अंगात गेला, थोडा वाढला, की करडाच्या स्वतःच्या पेशी त्याची ओळख पटवून घेतात आणि स्वतःचे जागले काढायला शिकतात. ही त्यांची शाळा. पण करडू दीड महिन्याचं असेल आणि आईनं भरपूर चीक पाजलेला असेल, तर त्याच्या रक्तात आईचे जागले फिरत असतात. त्यांना लशीतला विषाणू आणि रोगाचा विषाणू सारखाच. ते त्याला तिथेच धरतात आणि संपवतात. करडाच्या पेशींपर्यंत काही पोचतच नाही. मास्तर शाळेत यायच्या आतच वाटेत अडवला, तर पोरं शिकणार काय?

लाळ्या-खुरकुताच्या लशीत मेलेला विषाणू असतो. तिथेही आईचे जागले त्याला झाकून टाकतात, आणि झाकलेला विषाणू दिसला की वासराच्या पेशी उलट आवरतं घेतात. जणू राखण आधीच चालू आहे, आपण कशाला उठायचं?

म्हणजे आई दोन गोष्टी करते. पिल्लाला वाचवते, आणि वाचवता वाचवता त्याचं शिकणंही थांबवून ठेवते. जितकी आई सुदृढ, जितका चीक भरपूर, तितकी ही मुदत लांब. आईचे जागले कमी होत होत संपतात आणि करडू उघडं पडतं. आमच्या शिबिरात हेच झालं. टोचणी वाया गेली, आईची राखण दोन-तीन महिन्यांत संपली, आणि आमच्या वहीत मात्र लिहिलेलं होतं की या करडाला लस झाली. त्यामुळे पुन्हा कुणी टोचलं नाही. लशीनं करडाला अपाय केला नाही. अपाय आमच्या वहीनं केला.

यात एक फसवा काळ असतो. आईचे जागले इतके कमी होतात की खऱ्या रोगाला पुरत नाहीत, पण लशीला अडवायला पुरतात. जुना राखणदार म्हातारा झाला आहे, नवा अजून शिकलेला नाही, आणि जुना नव्याला खळ्यात येऊ देत नाही. या दिवसांत लस उपयोगाची नाही, तिथे आपली अक्कल उपयोगाची. बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधायचं. आजारी घरची शेळी आणि आपली करडं एका पाणवठ्यावर सोडायची नाहीत. आमच्या त्या गावात दोन नव्या शेळ्या वेगळ्या बांधल्या असत्या, तरी निम्मी करडं वाचली असती असं आम्हाला आजही वाटतं.

यातूनच वेळापत्रक बनलं आहे, कुणाच्या मर्जीतून नाही. शेळ्यांच्या बुळकांडीची लस तीन-चार महिने पूर्ण झाल्यावर. लाळ्या-खुरकुताची पहिली लस वासरू चार महिन्यांचं झाल्यावर, नंतर एक बूस्टर, आणि मग दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्या सहा महिन्यांनंतर, दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. २०२२ साली लम्पी आपल्या राज्यात पसरला तेव्हाही हाच प्रश्न आला होता. ज्या गाईला लस झाली आहे किंवा रोग होऊन गेला आहे, तिच्या वासराला आईचं संरक्षण असतं, त्याला तीन ते सहा महिन्यांच्या वयात टोचायचं. ज्या गाईला दोन्ही नाही, तिचं वासरू पहिल्यापासूनच उघडं, त्याची वाट बघत बसायचं नाही. म्हणजे वासराला कधी टोचायचं हे विचारताना आधी आईचा इतिहास सांगावा लागतो.

मायबहिणींसाठी

मायबहिणींनो, हे फक्त गोठ्याचं नाही. नवजात बाळाला धनुर्वात व्हायचा. नाळ कापताना पातं स्वच्छ नसायचं, वरून कुणी शेण-माती लावायचं, आणि आठवड्याभरात लेकरू आकडी येऊन जायचं. ते लेकरू स्वतः शिकून जागले काढेपर्यंत थांबणार कसं? म्हणून सुई आईला दिली. आईनं जागले काढले, वारेतून बाळाला दिले. स्वच्छ बाळंतपणाची जोड मिळाली, आणि २०१५ साली आपला देश बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. गरोदरपणात धनुर्वाताची आणि घटसर्पाची जी एकत्र सुई देतात, ती चुकवू नका. ती एका सुईत दोघांसाठी आहे.

गोवराची पहिली लस नऊ महिन्यांनी का, असं बाया विचारतात. कारण तेच. त्याआधी आईचे जागले बाळाच्या रक्तात असतात आणि लशीला अडवतात. म्हणून नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिली, आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. दुसरी घ्यायचीच, कारण पहिली सगळ्यांनाच लागू पडते असं नाही.

मग कुणी विचारेल, आईचे जागले लशीला अडवतात, तर आईला लस द्यावीच कशाला? याचं उत्तर ब्रिटनमधून घ्या. तिथे २०१२ पासून गरोदर बायांना डांग्या खोकल्याची लस देतात. त्यामुळे बाळाचा स्वतःच्या लशीला येणारा प्रतिसाद थोडा मंदावतो, हे तपासणीत दिसलं आहे. तरीही ती देतात, कारण डांग्या खोकला जीव घेतो तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत, आणि तेव्हा बाळाकडे आईशिवाय कुणीच नसतं. मंदावलेलं पुढच्या डोसांनी भरून काढता येतं, गेलेलं लेकरू भरून काढता येत नाही. गाईचाही हिशेब हाच आहे.

बाईचं पहिलं पिवळं दूध काही घरांत पिळून टाकतात, खराब म्हणतात. ते टाकू नका, जन्मल्यापासून तासाभरात बाळाला पाजा. त्यातले जागले वासरासारखे रक्तात उतरत नाहीत, पण बाळाच्या घशाला आणि आतड्याला आतून लेप द्यावा तसे राखण करतात. आणि पुरुष मंडळींनो, ऐका. बाळाला आईचा मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला तो कमी मिळतो. आपण गाभण गाईला दोन महिने आटवून बसवतो, ते शहाणपण आहे. आणि घरची बाई आठव्या महिन्यात कापूस वेचायला ओटी बांधून उभी असते. तिला बसवायचं शहाणपण आपल्याला कधी सुचणार?

आता करायचं काय?

गावात चार कामं करा.

एक, वासरू जन्मलं की नाळ स्वच्छ करा आणि तासाभरात चीक पाजा. वारेची वाट नाही. वासरू उठत नसेल तर पिळून बाटलीनं, हळूहळू पाजा.

दोन, गाय व्यायताना मेली किंवा कासेत चीक नसेल, तर वासराला शेजारच्या ताज्या व्यालेल्या गाईचा चीक द्या. ज्याच्याकडे डीप फ्रीझर आहे त्यानं दोन-तीन बाटल्या उरलेला चीक गोठवून ठेवावा, महिनोन्‌महिने चालतो. गरम करताना उकळू नका, बाटली कोमट पाण्यात ठेवा.

तीन, गावात जन्मवही ठेवा. कोणत्या घरी, कोणत्या तारखेला वासरू किंवा करडू झालं, आईला कोणती लस कधी झाली, तिच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर काय. शाळेत जाणारी मुलगी हे काम आनंदानं करेल.

चार, ही वही घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. लाळ्या-खुरकुताची फेरी सहा महिन्यांनी येते. फेरीच्या दिवशी वासरू दोन महिन्यांचं असलं, तर त्याला टोचत नाहीत, आणि हे बरोबरच आहे. पण मग त्याची पाळी थेट आठव्या महिन्यात येते, म्हणजे मधले चार महिने ते उघडं. म्हणून आपली मागणी अशी : मोठ्या फेरीनंतर दोन-तीन महिन्यांनी फक्त नव्यानं चार महिने पूर्ण झालेल्या वासरांसाठी छोटी फेरी घ्या. यादी आम्ही देतो, वासरं एका ठिकाणी आम्ही बांधतो, गूळ-पाणी आम्ही करतो. तुम्ही बर्फाच्या पेटीत लस घेऊन या. ही मागणी अडाण्याची नाही, वही हातात धरून केलेली आहे. आम्ही त्या शिबिरात आरडाओरडा करून चुकीची गोष्ट मिळवली होती. या वेळी समजून-उमजून बरोबर गोष्ट मागू.

शेवटी त्या म्हातारीचं उत्तर. तिला भेटायला आम्ही नंतर गेलो होतो. म्हटलं, "मावशी, शेळीनं तुझ्या करडांना राखलं होतं, पण तिची राखण मुदतीची होती. तिची पाळी संपायच्या आधीच आम्ही आमची पाळी लावायला गेलो, आणि ती संपली तेव्हा आम्ही तिथे नव्हतो." तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मंग पुढच्या टायमाला तारीख लिहून ठेव, भाऊ."

तारीख लिहून ठेवा, मंडळी. एवढंच सांगायचं होतं.